ओ कोनी दिनी?

१

मला कुणी हाक मारली की माझ्या तोंडून आपोआप ओ निघते. मान वर करायची नाही, हातातलं काम खाली ठेवायचं नाही, कोण आहे ते बघायचं नाही. आधी ओ. चोपड्यात वीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवलं की हे अंगात भिनतंच. गिऱ्हाईकाला ओ मिळाली की ते थांबतं, नाही मिळाली की पुढच्या दुकानात जातं. माझी बायको ज्योती मला चिडवते, "तुम्ही झोपेतसुद्धा ओ देता. परवा बाहेर बकरी ओरडली, तिलाही दिलीत."

दुकान पुढे, घर मागे, मध्ये पडदा. बाजूने बोळ आहे आणि घराचं दार त्या बोळात उघडतं. दुपारी एक ते तीन मी शटर खाली ओढतो, पण पुरतं नाही. खाली गुडघाभर फट ठेवतो, त्यालाच मी अर्ध्यावर म्हणतो. ज्याला घाई असेल तो बाहेरून हाक मारतो, "ललितभाऊ, शेतस का?" म्हणजे आहात का. मला आतून त्याचे फक्त पाय दिसतात. पायांवरून माणसं ओळखायचा मला नादच लागलाय. कोर्टातले कारकून, कापूस वेचून आलेल्या बाया, एस.टी.चे ड्रायव्हर, सगळे ओळखता येतात. सगळ्यांत सोपे ज्योतीचे. उजव्या पावलावर करंजीचं तेल उडाल्याचा डाग आहे, पिंपळाच्या पानाएवढा. दळण घेऊन ती शटरसमोर थांबली, की हाक मारायच्या आधीच मी शटर उचलतो.

मी आत जेवत असलो तर माझ्याऐवजी ज्योती ओ देते. "ओ, आहेत ना, या." तिचे हे शब्दही ठरलेले आहेत.

दुकानात मोबाईल जास्त येतात, पण माझा जीव डबीत. डबी म्हणजे काडेपेटीएवढा एमपी-थ्री प्लेअर. शहरातल्या लोकांनी तो कधीच टाकून दिला. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र अजून चालतो, कारण वावरात नेटवर्क नसतं आणि डबी चिखलात पडली तरी पुसून गाणं म्हणते. डब्या शंभर येवोत, त्यांचे रोग चारच. चालू होत नाही? आधी होल्डचं बटण बघा, दहातल्या सहांचं तेच सरकलेलं असतं. चार्ज होत नाही? पिनेत माती. कार्ड वाचत नाही? कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबरने घासा. अडकून बसली? मागच्या बारीक भोकात पिन घालून दहापर्यंत मोजा. पाचवा रोग मी वीस वर्षांत पाहिला नव्हता आणि असेल असं मला वाटतही नव्हतं.

२

चुडामण नाना जानेवारीत आले. पासष्टीचे, काटक, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. चोपड्याहून एस.टी.ने तासाभरावर त्यांचं गाव. मक्याच्या कणसात दूध भरलं होतं आणि डोंगरातून रानडुकरं उतरत होती.

त्यासाठी लोक वावरात डबी लावतात. डबीला वायरने भोंगा जोडायचा आणि त्यात हाकारा लावून द्यायचा. तयार हाकारे मिळतात, वाघाच्या डरकाळीचे, फटाक्यांचे. डुकरं चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी डरकाळी ऐकत ऐकत कणसं खातात. म्हणून मी सांगतो, स्वतःचाच आवाज भरा. माणसाच्या बोलण्याला डुक्कर जास्त भितं.

शटर अर्ध्यावर होतं. आवाज नको म्हणून मी पंखा बंद केला. मोबाईल समोर धरल्यावर नाना आधी नव्या नवरीसारखे लाजले. मग कानामागे हात लावला आणि "होऽऽ, हुर्रऽऽ, हटऽऽ" असा काही आवाज काढला की काचेच्या कपाटातले चार्जर हलले. मग ते उत्तरेच्या भिंतीकडे वळले आणि वेगळ्याच, लांबवर फेकलेल्या सुरात म्हणाले, "ए वनाऽऽ! जागा शे का रे?"

आणि गप्प. मी स्क्रीनवरचे सेकंद बघत होतो. चार, पाच, सहा. नाना मान कलती करून उभे होते. सहा सेकंदांनी पुन्हा "होऽऽ".

"नाना, मध्ये का थांबलात?"

"राखणमा असंच ऱ्हास भाऊ. दोन जन. एक या बांधवर, एक त्या बांधवर. यानी हाक मारी का त्यानी ओ देवानी. ओ उनी म्हंजे जागा शे. मंग त्यानी पाळी. तो हाक मारस, यानी ओ देवानी."

"आणि ओ आलीच नाही तर?"

"तीनदा हाक मारानी. तिसऱ्यांदा बी नही उनी, ते उठीसन देखाले जावानं."

"वना कोण?"

"भाऊ शे मना," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "मधली जागा तशीच राहू द्या."

ते बसच्या चौकशीला गेले आणि मी हाकारा साफ करायला बसलो. ते सहा सेकंद मला खुपायला लागले. डुक्कर म्हणजे काय मूर्ख नव्हे. हाकेला ओ आली नाही, म्हणजे माणूस एकटा आहे, एवढं त्यालाही कळेल. मग मी काय केलं, पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो, तोंडापुढे हात धरला आणि लांबच्या बांधावरून यावी तशी, खानदेशी हेल काढून, स्वतःची ओ भरली. बरोबर बसली. अगदी वनाने दिल्यासारखी. सगळं मिळून अडतीस सेकंद झाले. ते पुन्हा पुन्हा वाजत राहील असं करून कार्ड डबीत घातलं. नानांची बस लागली होती, त्यांनी न ऐकताच डबी खिशात टाकली. मी माझ्या हुशारीवर खूश होऊन दिवसभर शीळ घालत होतो.

३

फेब्रुवारीच्या मध्यावर नाना परत आले. "मधेच बंद पडी जास."

होल्डचं बटण बघितलं. ठीक. पिनेतली माती काढली, कार्ड खोडरबरने घासलं, भोकात पिन घालून दहापर्यंत मोजलं. डबी सुरू झाली. डबीच्या स्क्रीनवर फाईलची वेळ आली. सत्तेचाळीस सेकंद.

अडतीस होते. मला आकडे पाठ राहतात. पण मी घाबरून जाणाऱ्यातला नाही. स्वस्त डब्या वेळ मोजत नाहीत, अंदाजे सांगतात. मी कानाला इअरफोन लावला.

होऽऽ. हुर्रऽऽ. ए वनाऽऽ, जागा शे का रे? मग माझी ओ. ओ झाल्यावर लगेच पुढचा "होऽऽ" यायला हवा होता. तो आला नाही. तिथे नुसती शांतता होती आणि ती शांतता माझ्या दुकानातली नव्हती. पंखा बंद असलेल्या खोलीतली शांतता कोरडी असते. हिच्यात सळसळ होती. मक्याच्या वाळत आलेल्या पानांवरून वारा जातो, तशी.

त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. बाजारात खोटी कार्डं फार असतात. वर आकडा मोठा, आत जागा थोडी. एक आवाज दुसऱ्याच्या अंगावर लिहिला जातो, जुनं पुसल्यावरही मागे उरतं. कुणाच्या तरी शेतातलं जुनं रेकॉर्डिंग असणार. मी धुळ्याहून आणलेलं नवं कार्ड फोडलं आणि कॉम्प्युटरवरची मूळ फाईल त्यात टाकली. अडतीस सेकंद.

"नाना, डुकरं काय म्हणतात?"

"येत नही."

"बघा! आणि माकडं?"

"ती बी नही. पाखरू बी बसत नही वावरमा," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आनंद दिसेना. मग त्यांनी विचारलं, "त्यामा ओ शे ती कोनी?"

"माझी! कशी जमली?"

मला वाटलं ते हसतील. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "तुमीन देवाले नको व्हती," एवढंच म्हणाले आणि बसला गेले.

४

दहा दिवसांनी नाना पुन्हा स्टुलावर येऊन बसले. डबी त्यांनी रुमालात बांधून आणली होती, पिशवीत विंचू आणावा तशी अंगापासून लांब धरून. नवं कार्ड, नवी फाईल आणि वेळ एक मिनिट सहा सेकंद.

आता मात्र मी हट्टाला पेटलो. फाईल कॉम्प्युटरवर उघडली. तिथे आवाजाची रेघ डोळ्यांना दिसते. आवाज मोठा तिथे डोंगर, शांतता तिथे सपाट. हाक दिसली, माझी ओ दिसली. त्यापुढे रेघ सपाट नव्हती. बारीक बारीक उंचवटे होते, ठरावीक अंतरावर. मी तेवढा तुकडा निवडला, आवाज मोठा केला आणि स्पीकरवर लावला. नानांना मी बाहेर बसवायला हवं होतं, पण मला वाटलं, त्यांनाही कळू दे की कार्डाचाच दोष आहे.

पानांची सळसळ आली. मग पचक. थांबून, पचक. ओल्या सरीतून कुणीतरी पाय उचलून टाकत येत होतं. दर पावलाला आवाज जवळ येत होता. पावलं थांबली आणि एक माणूस, घसा बसलेला, अगदी साधेपणाने म्हणाला,

"ओ कोनी दिनी?"

ओ कुणी दिली, एवढंच. रागाने नाही. घरात कुणी भांडं पाडलं तर आपण विचारतो ना, तसं.

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर रस्त्यावरून उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत गेली.

"वना शे," नाना म्हणाले. "बारा वरीस झालं त्याले जाईसन."

मग त्यांनी सांगितलं. तेच वावर, असाच मका. वना खालच्या बांधावर पाणी देत होता, नाना वरच्या बांधावर कांबळ्यात. हाक मारली, ओ आली नाही. दुसरी मारली. तिसरी मारली. "थंडी व्हती भाऊ. मन्हं मन म्हने, आते उठसू, आते उठसू. झोप लागी गई. मी देखाले गऊ नही." सकाळी वना पाण्याच्या मोटारीपाशी सापडला. करंट लागला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते.

"तेव्हापासून त्या वावरमा मी हाक मारी नही. एकदम तुमना दुकानमा मारी. तोंडमा त्यानंच नाव उनं."

"म्हणून मधली जागा मोकळी ठेवली होती?"

"त्यानी जागा शे ती. मोकळीच ऱ्हावाले जोयजे व्हती." नानांनी टोपी घातली. "तुमीन भरी दिनी."

ते उठले. डबी तिथेच काउंटरवर होती. मी ती पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. "मन्हाकडे नको. ओ मन्ही नही ना. आते त्यानी पाळी शे, तो हाक मारी. आनि ती माले नही मारी तो." शटर उचलून बाहेर जाताना ते वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, ओ दिनी ते बी वाईट, नही दिनी ते बी वाईट. काय सांगू मी तुमले?"

५

मी फाईल पुसली, कॉम्प्युटरवरून आणि कार्डावरून. कार्ड काढून मोडलं. डबी उघडली, बॅटरीच्या दोन्ही तारा तोडल्या. उरलं काय तर हिरवी पट्टी, प्लॅस्टिकचं खोकं आणि नखाएवढा स्पीकर. ते खोकं खणात टाकलं. यातून आता आवाज येऊ शकत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मंगळवारी दुपारी दीडला मी एका मोबाईलची चार्जिंग पिन बसवत होतो. शटर अर्ध्यावर. आत ज्योती कळण्याच्या भाकरी थापत होती. खणातून आवाज आला.

"ए ओ देनाराऽऽ! जागा शे का रे?"

माझे ओठ गोल झाले होते. खोटं सांगत नाही, वीस वर्षांची सवय, आवाज घशातून निघून टाळूपर्यंत आला होता. मी दातांनी जीभ धरली. रक्ताची चव आली. मग शांतता. मनात मोजत होतो की मोजलं जात होतं, माहीत नाही, पण सहापर्यंत झालं. त्यानंतर काही नाही. आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता.

खण उघडला. तारा तुटलेल्याच होत्या. मी कारणं शोधली. समोर दुरुस्तीला आलेले पंधरा मोबाईल, त्यातला एखादा वाजला असेल. कुणी टवाळाने बाहेरून थट्टा केली असेल. पण "ओ देनारा" ही थट्टा करायला ते माहीत कुणाला होतं? नाना आणि मी. नानांना फोन लावला, बंद होता.

बुधवारी, त्याच वेळेला, दुसरी हाक. मी आधीच पंचा तोंडात कोंबून बसलो होतो.

ज्योतीला सांगायला हवं होतं. आज मी दुसरं काही बोलत नाही, एवढंच म्हणतो, सांगायला हवं होतं. बुधवारी जेवताना विषय जिभेवर आला. "उद्या कुणी हाक मारली तर..." म्हटलं आणि तिने ताटातून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं होतं, बकरीच्या वेळचं. मला लाज वाटली. वीस वर्षं काम केलेला मेकॅनिक, बॅटरी नसलेल्या डबीला भितो. "तर काय?" तिने विचारलं. "काही नाही, भाजी छान झालीय," म्हणालो. नाना थंडीमुळे उठले नव्हते. मी लाजेमुळे बोललो नाही. दोघांत काय फरक आहे ते अजून मला सांगता येत नाही.

६

गुरुवारी मी दुकान बंद ठेवू शकलो असतो. एरंडोलला मेहुण्याकडे जाऊ शकलो असतो. पण गेलो असतो तर हे खरं आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून शटर नेहमीसारखं अर्ध्यावर ओढलं आणि पंचा दातांत धरून खणाकडे बघत बसलो.

दीड वाजला. खण गप्प होता. एक पस्तीस. बाहेर ऊन असं तापलं होतं की शटरच्या फटीतून रस्ता पांढरा दिसत होता. मला हायसं वाटायला लागलं. पंचा काढावा का असं मनात आलं.

तेव्हा हाक आली. खणातून नाही.

"ए ओ देनाराऽऽ! जागा शे का रे?"

शटरखाली दोन पाय होते. अनवाणी, गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेले, ओले. नडगीला मक्याचं लांब पान चिकटलं होतं. पायरीवर पाणी ठिबकत होतं. बोटं आतल्या बाजूला, माझ्याकडे वळलेली होती. या पायांना मी ओळखत नव्हतो.

मी दोन्ही हातांनी पंचा तोंडात दाबून धरला. एक. दोन. तीन. पाय हलत नव्हते. चार. मला एकदम सुचलं, सहा झाले की हा आत येईल, येऊ दे, माझ्याकडे येईल, मी आहे इथे.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"ओ, आहेत ना, या," पडद्यामागून ज्योती म्हणाली.

पाय वळले. घाई नव्हती त्यांना. शटरकडून सरकले आणि बोळाकडे निघाले. पचक. पचक.

मी पडदा फाडून आत गेलो. बोळातलं दार उघडं होतं आणि ज्योती उंबऱ्यात उभी होती, कोपरापर्यंत पीठ. बाहेर कुणी नव्हतं. बोळ ओला होता. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, बोळ ओला असणारच.

"कोण होतं?" मी पंचा तोंडातून ओढून काढत विचारलं.

"कोण जाणे. दिसलं नाही. नुसतंच म्हणाला, बरं, आते तू जाग." तिने हाताचं पीठ झटकलं. "म्हणजे काय हो? आणि तुमच्या तोंडात पंचा कशाला?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. त्या रात्री ती झोपली नाही, आणि त्यानंतरही नाही.

७

आता दीड महिना झाला. डॉक्टरकडे नेलं, जळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या. गोळी घेते, आडवी होते, डोळे उघडे. थकलेली मात्र दिसत नाही. कामं करते, बोलते, मला चिडवते. फक्त मधेच हातातलं काम थांबवून उत्तरेच्या भिंतीकडे मान कलती करते आणि हलकेच म्हणते, "ओ." हाक मला ऐकू येत नाही.

नानांकडे जाऊन आलो. मका निघालाय, वावर मोकळं आहे. नाना खाटेवर गाढ झोपले होते. त्यांची सून म्हणाली, "आते मस्त झोपतस. बारा वरीसनी झोप काढी राहिनात." मी त्यांना उठवलं नाही.

मीही एक काम धरलंय. दुकानात बसल्या बसल्या दर थोड्या वेळाने हाक मारतो, "ज्योतीऽ!" पडद्यामागून ओ येते. ओ आली म्हणजे ती आहे. मग मी पुढचा मोबाईल उघडतो. शेजारच्या दुकानदारांना वाटतं, मला म्हातारपणी बायकोचं वेड लागलंय. लागू दे. माझ्यामुळे ती त्या जागेवर उभी आहे. तिला एकटीने राखण करू देणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

आज दुपारी एकला मी शटर अर्ध्यावर ओढलं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली. ओ आली नाही. पिठाचे हात, ऐकलं नसेल. दुसरी मारली. भाकरीचा आवाज तसाच, थप थप, एका लयीत. ओ नाही.

तिसरी हाक मारायला मला फार वेळ लागला. पडद्यापर्यंत सहा पावलं आहेत. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही तर उठून बघायला जायचं, आणि मी जाणार होतो. मी नाना नव्हे. खुर्ची मागे सारून उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "ज्योतीऽ! जागी आहेस का गं?"

"ओ," ती म्हणाली.

खुर्चीत बसलो, तोंडावरचा घाम पुसला, देवाचं नाव घेतलं. मग कळलं की ओ पडद्यामागून आली नव्हती. ती माझ्या पाठीमागून, शटरकडून आली होती.

मी वळलो. फटीत दोन पाय होते. बोटांत जोडवी, उजव्या पावलावर पिंपळाच्या पानाएवढा डाग. गुडघ्यापर्यंत ओला काळा चिखल.

आत भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता.